रखमाजीच्या बकऱ्या आणि माळावरचं रान

१

कोंडवाड्याचं फाटक पत्र्याचं होतं आणि त्याच्या खालून चिखल बाहेर आला होता. एप्रिलच्या उन्हात माळवाडीत चिखल कुठून आला म्हणून मीनाताई वाकून बघायला लागल्या, तर आतून बकऱ्या तो चिखल चाटत होत्या. फाटकाशी रखमाजीची बायको नंदाबाई बसली होती. घागरीतलं पाणी ती खालच्या फटीतून ओतत होती आणि निम्म्याहून जास्त तिथंच जिरत होतं.

"परवापासनं असंच पाजू राह्यले," ती मान वर न करता म्हणाली. "कुलूप काढून देत न्हाईत."

मीनाताईंचं डोकं सणकलं. तसंही ते सणकायला फार वेळ लागत नसे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत त्यांची सगळी नोकरी शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या प्लॉटात भेसळीची झाडं हुडकण्यात गेली होती. बाई बांधावर आली की भले भले शेतकरी टोपी सावरायचे. आता निवृत्त झाल्या, तरी दर उन्हाळ्यात प्रीती नावाच्या मुलीनं लावलेल्या रानांची तपासणी करायला त्या बसनं अंबडला उतरत आणि पुढं मिळेल त्या गाडीनं कुंभार पिंपळगावच्या अलीकडं या माळवाडीपर्यंत येत.

प्रीतीचा धंदाच निराळा. पडीक माळ पंधरा वर्षांच्या करारानं घ्यायचा, त्यावर इथलीच झाडं लावायची, बोर, खैर, धावडा, पळस, आपटा, आणि ससे, मोर, तितर, खोकड यांना राहायला जागा करायची. खर्च जालन्याचे कारखानदार देत. माळवाडीचं रान तिसऱ्या वर्षाचं होतं, ठिबकवर हिरवंगार, आणि परवा सकाळी ते कुणीतरी ओरबाडून ठेवलेलं सापडलं. रखमाजीच्या बकऱ्यांनी खाल्लं, असं गावानं ठरवलं. रखमाजी सकाळी ओढ्यात बकऱ्या पाजत होता, तिथून त्या हाकलत आणून कोंडल्या.

भिंतीच्या वीतभर सावलीत रखमाजी उकिडवा बसला होता. त्याच्या समोर जाऊन मीनाताईंनी सरळ विचारलं, "बाबा, तुमच्या बकऱ्या रानात गेल्या होत्या का?"

"न्हाई गेल्त्या."

"मग तिथं लेंड्या कुठून आल्या?"

"मला काय ठावं, ताई? महिन्यापूर्वी अण्णाच्या वावरात बसवल्या व्हत्या बकऱ्या, खतासाठी. दरसाल बसवतो. रानाकडं तर आम्ही फिरकत बी न्हाई."

मीनाताईंनी एक दगड उचलला आणि कुलपाकडं बघितलं. रखमाजी घाईनं उठला. "नका तोडू. कुलूप तोडलं तर चोर बी आम्हीच व्हऊ."

आज संध्याकाळी चावडीवर बैठक होती. रखमाजीनं कबूल केलं नाही, तरी उद्या पिंपळगावच्या बाजारात त्याचा कळप विकायचा, असं आधीच ठरलं होतं. आणि तक्रारीवर पहिली सही प्रीतीची होती.

२

"सही का केलीस?" रानाच्या फाटकातच मीनाताईंनी तिला धरलं.

प्रीती तीस-बत्तिशीची, अंबडची, कामाला वाघ. पण रडून तिचे डोळे सुजले होते. "मावशी, समोर सगळं दिसत होतं. लेंड्या पडलेल्या, शेंडे गेलेले. अण्णा म्हणाले, लगेच तक्रार दे, न्हाईतर पुढच्या वर्षी सगळेच बकऱ्या घालतील. रान गेलं तर करार मोडतो, जमीन त्यांना परत जाते, कारखानदार पैसे बंद करतो. माझा धंदाच बसतो."

"अण्णा म्हणजे?"

"रामराव. जमीन त्यांचीच. सरपंच त्यांची सून आहे, पण..."

"पण शिक्का सासऱ्याच्या खिशात. कळलं. आणि तू रखमाजीला विचारलंस?"

प्रीतीनं ओढणीनं डोळे पुसले.

"सशांसाठी घर बांधतेस, आणि माणसाची जनावरं तहानेनं कोंडून मारायला सही देतेस. वा." मीनाताई चपला वाजवत पुढं निघाल्या. राग आला की त्यांची नजर जास्त तीक्ष्ण होते, असं त्यांच्या कंपनीत म्हणत.

रान खरंच ओरबाडलेलं होतं. धावड्याच्या फांद्या उघड्या पडलेल्या, आपट्याचं एक पान राहिलं नव्हतं, पळसाचे शेंडे मोडून लोंबत होते. मुरमाड लाल मातीत प्रत्येक झाडाला गोल आळं केलेलं आणि आळ्याआळ्यात मातीतून डोकावणाऱ्या काळ्या लेंड्या. मीनाताईंना त्या लेंड्यांकडं बघून काहीतरी खटकलं. काय ते मात्र ध्यानात येईना, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या.

बांधाच्या कडेला खोकडाचं बीळ होतं. तिथं प्रीतीनं त्यांना थांबवलं. "पिल्लं आहेत आत. याच वर्षी आली. गावात सगळ्यांना कौतुक, अण्णासुद्धा रोज विचारायचे, अजून कोणतं जनावर आलं म्हणून."

बिळाच्या वर बोरीचं झुडूप होतं, कोवळ्या पानांनी भरलेलं. मीनाताई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग वळून त्यांनी पुढची बोर पाहिली. ती पण हिरवी. खैर हिरवा. बाभूळ हिरवी. त्या झपाझप एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेल्या, पदर काट्यात अडकून फाटला तरी थांबल्या नाहीत.

"प्रीती, बकरीला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"बोरीचा पाला. बाभळीचा."

"मग ही कोणती बकरी, जी बोर सोडते, बाभूळ सोडते, खैर सोडते आणि धावडा ओरबाडून खाते?" त्यांनी बोरीच्या फांदीवरून हात फिरवायला घेतला आणि मुद्दाम काट्याशी थांबवला. "बकरीच्या जिभेला काट्याचं काही वाटत नाही. हाताला वाटतं. हे बकऱ्यांनी खाल्लेलं नाही. कुणीतरी हातानं ओरबाडलंय, आणि वर लेंड्या आणून टाकल्यात."

३

रानाला लागून सोमेश्वरचं वावर होतं. रानडुकरं तुरीत घुसतात, म्हणून त्यानं गेल्या दिवाळीत प्रीतीच्या अंगावर जाऊन शिव्या दिल्या होत्या. सगळ्या गावाला ते माहीत होतं. मीनाताई बांधावर आलेल्या बघताच तो फावडं टाकून उभा राहिला.

"माझ्यावर आळ घ्यायला आलात ना? घ्या. मला ते रान नको हाये, तोंडावर सांगतो. डुकरं त्यातनंच येतात."

"मग तुम्हीच ओरबाडलं का?"

"ओरबाडू कामून? मला करायचं असतं तर एक काडी पुरली असती. आता पानगळ झालीय, गवत वाळलंय. पान पान तोडत बसायला मला दुसरा धंदा न्हाई का?"

उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. मीनाताईंनी त्याच्या वावरात नजर टाकली. काळी माती, पण तापून भेगा पडलेल्या. बांधावर रासायनिक खताची रिकामी पोती वाऱ्यानं फडफडत होती. जनावराचा गोठा मोडून पडलेला.

"शेणखत टाकत नाही?"

"बैलं इकली तेव्हापासून न्हाई. आणि रखमाजीच्या बकऱ्या मी बसवत न्हाई, आमचं वाजलंय. त्याच्या बकरीनं माझी ज्वारी खाल्ली व्हती." तो थांबला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पण ताई, ती ज्वारी खाल्ली तवा तो स्वतः मला सांगायला आल्ता. यावेळी म्हणतो न्हाई, तर न्हाईच गेल्त्या."

"मग हे चावडीवर का नाही बोललात?"

"अण्णाच्या समोर?" सोमेश्वरनं फावडं उचललं आणि मातीत घातलं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, आणि लागला तेव्हा आवाज गेला कुठं, या विचारानं मीनाताईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

फाटकाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली होती. त्यातून श्रेयांस उतरला. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्याचा धाकटा मालक; हे रान त्याच्या आजोबांच्या, अमरचंदजींच्या नावानं होतं. रान असं विस्कटलेलं दिसतं, इथं लॉन करा, बाकडी टाका, असं तो वर्षभर प्रीतीच्या मागं लागला होता. रान मेलं असतं तर इथले पैसे काढून त्याला दुसरीकडं पाहिजे तशी बाग करता आली असती.

"बाग पाहिजे होती ना तुम्हाला?" मीनाताईंनी नमस्काराच्या आधी विचारलं.

"पाहिजे होती. आता कोणतीच नको. आमच्या आजी, दादीसा, विचारत होत्या, मोर आले का म्हणून, त्यांना काय सांगू?" तो चिडून आत शिरला आणि पहिल्याच आळ्याशी थबकला. "हे काळं काळं काय आहे? बी आहे का?"

"लेंड्या. बकरीची विष्ठा."

तो दचकून मागं सरकला, बूट मुरमावर घासले. मीनाताई त्याच्याकडं बघत राहिल्या. या पोरानं लेंड्यांचं पोतं आणलं असतं, तर नाक दाबून वाटेवरच पालथं केलं असतं आणि पळाला असता.

"शेठ, त्या बकऱ्या परवापासून कोंडल्यात. पाणी नाही."

श्रेयांसचा चेहरा उतरला. "अण्णांनी तर सांगितलं, चारा-पाणी बराबर चालू आहे."

४

रामराव सत्तरीचे, धोतर पांढरं स्वच्छ, बोलणं मऊ. मीनाताईंना त्यांनी ओसरीवर सतरंजी टाकून बसवलं. सुनेनं भाकरी आणि ठेचा आणला, वर कच्च्या तेलाची धार धरली.

"घरच्या करडईचं हाये," रामराव कौतुकानं म्हणाले. "आता कुणी करडई पेरत न्हाई, काटे टोचतात म्हणून. उभ्या गावात मी एकटाच. घ्या अजून."

मीनाताईंनी एक घास खाल्ला. कोंडवाड्यातला चिखल डोळ्यांसमोर आला आणि ताट बाजूला सारलं. "बकऱ्यांना पाणी द्या, मग जेवते."

"द्यायचंच हाये की. नुकसान कबूल केलं की लगेच. ताई, गावाला शिस्त पाहिजे. आज सोडलं तर उद्या कुणी कुणाला इचारणार न्हाई." बोलता बोलता ते उठून अंगणातल्या लिंबाच्या झाडाशी गेले. कोपऱ्यात लेंडीखताचा ढीग होता. तिथून त्यांनी ओंजळ भरली आणि झाडापाशी बसले. "त्या पोरीचं वाईट वाटतं मला. तीन वर्षं राबली."

बोलणं मीनाताईंकडं बघून चाललं होतं, हातांकडं त्यांचं लक्षही नव्हतं. हात आपलं काम करत होते. बुंध्यापासून चार बोटं सोडून लेंड्या आळ्यात गोल पसरल्या, बोटानं माती ओढून त्यावर पातळ झाकली आणि तळव्यानं हलकेच दाबली.

मीनाताई पाण्याचा तांब्या हातात धरून तशाच बसल्या. सकाळपासून काय खटकत होतं, ते आता त्यांना कळलं होतं.

"खतावर माती टाकता?" त्यांनी शक्य तेवढ्या शांतपणे विचारलं.

"टाकावी लागते. उन्हानं जळून जातं, न्हाईतर. बापानं शिकवलेलं." रामराव हसले.

मीनाताई उठल्या, चपला घातल्या आणि भर उन्हात रानाकडं निघाल्या. मागून रामराव हाक मारत होते. रानात त्या एका आळ्यापाशी गुडघे टेकून बसल्या, दुसऱ्यापाशी बसल्या, ओळीच्या टोकापर्यंत बसत गेल्या. मग फाटलेला पदर पसरून त्यांनी त्यात लेंड्यांसकट मूठ मूठ माती गोळा केली.

५

चावडीवर सगळं गाव जमलं होतं. रखमाजी खाली जमिनीवर, रामराव वर खुर्चीत. सून शेजारी डोईवर पदर घेऊन बसली होती. श्रेयांस आणि प्रीती एका बाजूला उभे होते. मीनाताई मधोमध गेल्या आणि पदराची गाठ सोडून सगळी माती फरशीवर ओतली.

"सगळ्यांनी बघा. बकऱ्या रानात शिरल्या, म्हणता ना? बकरी चालता चालता हागते. वाटेवर, बांधावर, दगडावर, कुठंही. या रानात वाटेवर एक लेंडी नाही. सगळ्या लेंड्या आळ्यात. बुंध्यापासून चार बोटं लांब, वरून पातळ माती टाकून दाबलेल्या. अशी शहाणी बकरी कुणी पाहिली असेल तर सांगा."

कुणीतरी मागं हसलं.

"म्हणजे माणसानं टाकल्या. कोणत्या माणसानं? शेठनं? त्यांना लेंडी कोणती नि बी कोणतं, हे कळत नाही. सोमेश्वरनं? त्याच्या घरी खताचा ढीग नाही, बकऱ्या त्याच्या वावरात बसत नाहीत, आणि त्याला करायचं असतं तर त्यानं काडी लावली असती. हे अशा माणसानं केलं, ज्याला खत वाया घालवणं जमतच नाही. रान मारायला आला, पण जन्मभर झाडाला खत घातलेले हात. अंधूक उजेडात, घाईत, भीतीत हात सवयीनं चालले. ज्या झाडाचे शेंडे मोडले, त्याच्याच बुडाशी खत घातलं."

रामरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आता ही माती बघा. रान लाल मुरमाचं आहे. या लेंड्यांना काळ्या मातीची ढेकळं चिकटलीत. आणि हे काटे. ओळखा कशाचे आहेत."

सोमेश्वर पुढं आला. त्यानं चिमटीत एक काटा उचलला, उजेडाकडं धरला आणि बराच वेळ बघितला. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं.

"करडईचा हाये," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"काळी माती, करडई काढलेलं वावर, आणि तिथं बकऱ्या बसलेल्या. असं वावर या गावात एकच आहे. रखमाजीनं विश्वासानं बकऱ्या बसवल्या, खत दिलं, आणि अण्णा, तुम्ही तेच खत त्याच्यावर फेकलंत."

रामरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अंबडला ऐकलं व्हतं," ते शेवटी म्हणाले. "जंगली जनावर राह्यला लागलं की सरकार सातबाऱ्यावर वन लावतं. मंग जमीन न इकता येत, न पोरांत वाटता येत. आधी ससे आले, मंग मोर, मंग खोकड पिल्लं घालून बसलं. उद्या बिबट्या येईल, म्हणलं. जमीन गेली म्हणून समजा."

"कुणी सांगितलं हे?" प्रीतीनं विचारलं.

"कोर्टाच्या बाहेर. चहाच्या टपरीवर."

"अण्णा, तुम्ही मला रोज विचारायचात, कोणतं जनावर आलं म्हणून. मला वाटायचं कौतुक आहे. एकदा हे विचारलं असतं, तर मी तुम्हाला घेऊन तहसीलला गेले असते."

"पोरीबाळींना काय इचारायचं..." रामराव पुटपुटले.

मीनाताईंचा तोल तिथं सुटला. "आणि रखमाजीचंच नाव का घेतलंत, ते मी सांगते. सोमेश्वरचं घेतलं असतं तर तो भांडला असता. शेठचं घेतलं असतं तर वकील आला असता. याच्या बाजूनं कुणी तोंड उघडणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. आणि गावानं ते खरं करून दाखवलं. इथं बसलेल्या एकानंही त्या रानात जाऊन बोरीकडं बघितलं नाही. लाज वाटू द्या सगळ्यांनी."

६

कुलूप रामरावांनीच काढायचं आणि पाणीही त्यांनीच ओढायचं, हे मीनाताईंनी ठरवलं आणि कुणी नाही म्हटलं नाही. हौदात पहिली बादली पडताच बकऱ्या एकमेकींच्या अंगावर चढून धावल्या. रामराव धापा टाकत बादल्या ओढत होते, धोतर चिखलानं भरलं होतं. रखमाजीकडं मात्र त्यांनी अजून एकदाही बघितलं नव्हतं.

भिंतीला टेकून एक गाभण शेळी बसली होती. ती उठली नाही. रखमाजी तिच्याजवळ गेला, तोंडाला ओला हात लावला, पोटावर हात ठेवून थोडा वेळ थांबला. मग त्यानं तिचे डोळे मिटले.

प्रीती त्याच्या मागं येऊन उभी राहिली. "बाबा, माझं चुकलं. तक्रार मी आत्ता मागं घेते."

"घे," रखमाजी म्हणाला. रागावला नव्हता तो. उलट तिचीच समजूत घालायला लागला. "रडू नको. मुळं जित्ती हायेत. पाऊस पडला की रान पुन्हा फुटंल तुझं."

नंदाबाईनं रिकामी घागर खाली ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शब्द ती दातातून काढत होती.

"तू सशांना घर बांधू राह्यली म्हणून आम्ही तीन साल बकऱ्या लांबून वळवून नेल्या. ओढ्याच्या पलीकडून. उन्हात. यानं सांगितलं व्हतं मला, पोरगी चांगलं काम करती, आपल्या बकरीचा तिला तरास नको. हे तुला कुणी सांगितलं न्हाई, बराबर. पण तू बी एकदा येऊन इचारलं न्हाई."

मीनाताई पुढं झाल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. दिवसभर त्यांच्याकडं प्रत्येकाला सुनावायला काही ना काही होतं. आता त्यांनी वाकून नंदाबाईची घागर उचलली आणि हौदात बुडवली.

मेलेली शेळी या गावात पुरायची नाही, असं नंदाबाई म्हणाली. रखमाजीनं ती खांद्यावर घेतली आणि दोघं कळप पुढं घालून, गाव सोडून, शहागडच्या दिशेनं चालायला लागले.